गावच्या मातीच्या धरणाची तब्येत कशी ओळखावी?



गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये चौथीच्या वर्गाला घेऊन आम्ही गावाजवळच्या तलावावर परिसर भेटीला गेलो होतो. सोबत दुसरे सर आणि तीन पालक होते. तलाव काठोकाठ भरलेला, सांडव्यावरून पाणी पडत होतं. मुलं खूश. भिंतीच्या मागच्या बाजूला, म्हणजे कोरड्या बाजूला, पायथ्याशी एक जागा ओली दिसत होती. तिथून पाण्याची बारीक धार शेताकडे निघाली होती. एका मुलीने ती पाहिली आणि विचारलं, "मॅडम, धरण गळतंय. आता ते फुटेल का?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. "विचारून सांगते" एवढंच म्हटलं. नदी, धरण, कालवा हे सगळं आपण वर्षानुवर्षं शिकवतो, पण धरण आजारी आहे की धडधाकट, हे कशावरून ओळखायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. नंतर मी वाचलं, पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलेल्या जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज मांडते. वर्गात उपयोगी पडेलच, पण ज्यांचं घर किंवा शेत एखाद्या तलावाच्या खालच्या अंगाला आहे, त्या पालकांनी तर जरूर वाचावं.

धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे

आपला नाशिक जिल्हा धरणांचा जिल्हा आहे. गंगापूर, दारणा, करंजवण, वाघाड, चणकापूर ही नावं मुलांनाही पाठ असतात. पण या मोठ्या धरणांशिवाय गावोगावी छोटे तलाव आहेत. कुणी पाझर तलाव म्हणतं, कुणी लघुपाटबंधारे तलाव, तर गावात नुसतं 'धरण'. यातली बहुतेक मातीची आहेत.

मातीच्या धरणात साधारण हे भाग असतात:

1. गाभा – भिंतीच्या मधोमध चिकण काळ्या मातीचा पट्टा. पाणी अडवण्याचं मुख्य काम याचं. तो जमिनीखालीही खोल खंदकात उतरवलेला असतो, म्हणजे पाणी खालून सहज निघू नये.
2. बाहेरचा भराव – गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड माती. ही गाभ्याला आधार देते.
3. पिचिंग – पाण्याच्या बाजूने रचलेले दगड. लाटांनी माती झिजू नये म्हणून.
4. सांडवा – जास्तीचं पाणी सुरक्षितपणे बाहेर जाण्याची वाट. लहान तलावाच्या सांडव्याला दारं नसतात. पाणी त्या पातळीला आलं की आपोआप वाहू लागतं.
5. विहीर आणि मोरी – शेतीसाठी पाणी सोडायची व्यवस्था. मोरी भिंतीच्या पोटातून जाते.
6. दगडी पायथा आणि चर – कोरड्या बाजूला तळाशी. झिरपलेलं पाणी इथून माती न नेता बाहेर पडावं, यासाठी.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. झिरपलेल्या पाण्यासाठी धरणात मुद्दाम वाट ठेवलेली असते. याचा अर्थ, मातीचं प्रत्येक धरण थोडंफार झिरपतंच. त्या मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे होते.

पाणी किती जोर लावतं?

मुलांना वाटतं की तलाव जितका लांब-रुंद, तितका भिंतीवर जोर जास्त. तसं नाही. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडा आणि पाणी भरा. सगळ्यात जोराची धार खालच्या भोकातून येते. 10 मीटर खोल पाण्यात तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे 10 टन दाब असतो. म्हणून धरणाची दुखणी बहुधा पायथ्याशी दिसतात आणि म्हणून पायथा पाहायचा असतो.

पाणी किती असतं याचाही हिशोब मुलांना आवडतो. बातम्यांमध्ये 'दशलक्ष घनफूट' हे माप येतं. एक घनफूट म्हणजे सुमारे 28.3 लिटर. म्हणजे 1 दशलक्ष घनफूट म्हणजे जवळपास 2 कोटी 83 लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा टँकर 10,000 लिटरचा धरला, तर 2,830 टँकर! छोट्या तलावातही असे कित्येक दशलक्ष घनफूट पाणी असतं. ते वर्षभर हळूहळू वापरलं तर वरदान. अर्ध्या तासात खाली आलं तर काय होईल, ते मुलांनाच विचारा.

धरण पूर अडवतं का?

नाशिककरांना पूर मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून गोदावरीचा पूर अख्ख्या शहराला कळतो. 2008 आणि 2016 चे पूर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत.

धरण पूर कमी करतं, हे खरं. पण एका अटीवर: त्यात जागा रिकामी हवी. रिकाम्या बादलीत तांब्याभर पाणी मावतं, भरलेल्या बादलीतून ते सांडतं. मोठ्या धरणांना दरवाजे असतात. त्यामुळे पाऊस पाहून पाणी आधी सोडता येतं. छोट्या तलावाला ती सोय नाही. तो ऑगस्टमध्येच भरलेला असेल, तर सप्टेंबरचा ढगफुटीसारखा पाऊस सांडव्यावरूनच जाणार. तरीही पाणी तलावात पसरून मग सांडव्यातून निघत असल्याने पुराचा जोर थोडा कमी होतो. म्हणजे त्या दिवशी सगळा भार सांडव्यावर असतो.

मातीचं धरण कसं फुटतं?

मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं, पाणी माथ्यावरून जाणं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो सहसा टिकतो. मातीच्या धरणावरून गेलं तर माती खरवडली जाते, घळ पडते आणि काही तासांतच भिंत जाते. म्हणून सांडव्याची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यात काही फूट अंतर मुद्दाम ठेवतात.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. बऱ्याच गावांत सांडव्यावर दगड, मातीच्या गोण्या रचून पाणी वाढवतात. त्यामागची गरज मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून समजू शकते. दोन फूट पाणी जास्त अडलं तर कांद्याला शेवटचं पाणी मिळतं. पण हिशोब पाहा. समजा सांडव्यापासून माथ्यापर्यंत 6 फूट आहेत. मोठ्या पुरात सांडव्यावरून 4 फूट उंचीचं पाणी वाहतं. उरले 2 फूट, ते लाटांसाठी. आपण 2 फूट गोण्या रचल्या, की तेच 2 फूट संपले. पीक वाचवायला केलेली सोय पुराच्या रात्री गावावर येऊ शकते. सांडव्याच्या तोंडाशी मासे अडवायला लावलेल्या जाळ्या, वाढलेली झुडपं, टाकलेला कचरा यांचंही तेच.

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. एका श्रीमंत क्लबने ते करमणुकीसाठी घेतलं. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली उतरवला. तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच काढलेले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन गावात 2,209 माणसं गेली. यातली एकेक गोष्ट करताना कुणालाही ती धोक्याची वाटली नसणार.

दुसरं, आतून पोखरलं जाणं. झिरपणाऱ्या पाण्याने मातीचे कण सोबत न्यायला सुरुवात केली, की आत बारीक नळी तयार होते. नळी मोठी झाली की पाणी जास्त येतं, पाणी जास्त आलं की नळी आणखी मोठी होते. बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी भिंत खचते. घुशींची, खेकड्यांची बिळं, वाळलेल्या बाभळीची कुजलेली मुळं या सगळ्या पाण्याला आयत्या वाटा. मोरीच्या पाइपाभोवती माती नीट दाबलेली नसेल, तर तीही एक वाट.

तिसरं, उतार घसरणं. पाणी मुरून भिंतीचा एखादा भाग जड आणि ढिला होतो आणि खाली सरकतो. आधी माथ्यावर लांब भेगा दिसतात.

पानशेत आणि तिवरे

महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजली आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम पूर्ण व्हायच्या आधीच त्यात पावसाळ्याचं पाणी भरलं होतं. भिंतीच्या पोटातून पाणी नेणाऱ्या मोरीच्या जागी भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून काही तास मिळवले. पण धरण गेलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. पुण्यातले जुने लोक आजही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असं बोलतात.

पानशेत मोठं धरण होतं. आपल्या गावच्या तलावाशी जास्त जवळचं उदाहरण म्हणजे तिवरे. रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात. 2 जुलै 2019 च्या रात्री, लोक जेवणं उरकून झोपायच्या तयारीत असताना, तिवऱ्याचं छोटं मातीचं धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसपेक्षा जास्त माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. हे धरण काही इंग्रजांच्या काळातलं नव्हतं. जेमतेम वीस वर्षांचं होतं.

सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे, धरण गळतंय हे गावकऱ्यांनी आधी पाहिलं होतं. तक्रारी केल्या होत्या. थोडीफार डागडुजीही झाली होती.

दुर्घटनेनंतर 'खेकड्यांमुळे धरण फुटलं' असं मंत्र्यांचं विधान आलं आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. वर्गात मुलं हा प्रश्न विचारतात, म्हणून नीट सांगते. खेकडे मातीत बिळं करतात आणि त्याने मातीच्या भिंतीला अपाय होऊ शकतो, हे खरं आहे. पण खेकडे काल आलेले नाहीत. कोकणात धरण बांधलं तेव्हाही ते होते. बिळं शोधणं, ती चांगल्या मातीने दाबून बुजवणं, गळती वेळेवर थांबवणं हे माणसांचं काम. घरात उंदीर झाले म्हणून धान्य संपलं, असं सांगून आपण मोकळे होत नाही, कणगी कुणी पाहिली नाही हेही विचारतो.

मग हे पाहायचं कुणी?

मोठ्या धरणांसाठी व्यवस्था आहे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आपल्या नाशिकमध्येच आहे, हे आपल्यालाही फारसं माहीत नसतं. धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी करायची पद्धत आहे. 2021 मध्ये देशाचा धरण सुरक्षा कायदाही आला. पण तो लागू होतो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काहींना, ठरावीक अटींवर. आपल्या गावचा सात-आठ मीटरचा तलाव त्यात येत नाही.

याचा अर्थ त्याला वाली नाही असं नव्हे. ढोबळ मानाने 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यापुढचे जलसंपदा विभागाकडे. पण एका शाखा अभियंत्याकडे अनेक तलाव असतात, तो रोज येऊ शकत नाही. रोज पाहणारे आपणच: गुरं चारणारा, मोटर चालू करायला जाणारा, शाळेत जाणारं पोर.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. बागलाणात मोसम नदीवर आणि तिकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा आणि पाट गावाचा. पाणी देणारा पाटकरी ठरलेला, राखण करणारा जागल्या ठरलेला, पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून करायची. पाणी ज्याचं, त्याची नजरही त्यावर. सरकारी तलाव आले आणि ते 'सरकारचं काम' झालं. नजर सुटली ती तिथे.

काय पाहायचं?

ही यादी मी वहीच्या एका पानावर बसवली आहे. मोठ्यांनी पावसाळ्यात दर आठवड्याला आणि अतिवृष्टीनंतर पाहावी.

- पायथ्याशी येणारं पाणी स्वच्छ की गढूळ? ते काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर गंभीर.
- ते पाणी गेल्या वेळेपेक्षा वाढलं का? तलावाची पातळी तेवढीच असताना वाढलं असेल तर जास्त काळजी.
- माथ्यावर भेग किंवा खळगा आहे का? पाण्यात भोवरा दिसतो का?
- उतारावर माती घसरलीय का? पिचिंगचे दगड निघालेत का?
- बाभळी, झुडपं, बिळं, वारुळं आहेत का? (गवत चांगलं, ते माती धरून ठेवतं. झाडं नकोत.)
- सांडवा मोकळा आहे का?

यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर पहिलं. स्वच्छ पाणी झिरपतंय, तोवर लक्ष ठेवायचं. गढूळ पाणी आलं, की पाण्याबरोबर धरणच बाहेर यायला लागलंय. तेव्हा उद्यावर टाकायचं नाही.

अशा वेळी सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांना लगेच कळवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर फोन करा. खालच्या वस्तीला उंचावर न्या. ओढ्याच्या कडेकडेने खाली पळायचं नाही, ओढ्यापासून बाजूला, चढाकडे जायचं. पाणी माणसापेक्षा वेगाने येतं. आपल्या वस्तीतून उंच जागा कोणती आणि तिथे जायची वाट कोणती, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असावं.

घाई नसेल तेव्हा लेखी अर्ज करा. तारीख टाका, फोटो जोडा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

वर्गात काय करता येईल?

घमेल्यात दोन छोटी धरणं करा. एक नुसत्या वाळूचं, एक मध्ये चिकण मातीचा गाभा घालून. पाणी ओता आणि फरक पाहू द्या. मग गाभ्याच्या धरणात एक स्ट्रॉ आडवी बसवा, तिची आतली वाट बंद करा. थोड्या वेळाने पाणी स्ट्रॉच्या बाहेरून, मातीला चिकटून वाट काढतं. मोरीजवळ गळती का होते, हे मुलांना तिथेच समजतं. शेवटी एका कडेला सांडव्याची खाच पाडा, पाणी ओतत राहा, मग खाच चिखलाने बुजवा. धरण फुटताना मुलं ओरडतात, पण विसरत नाहीत.

गणितात टँकरचा हिशोब घ्या. भाषेत अर्जलेखनाला नेहमीचा 'सुट्टीचा अर्ज' न देता तलावाच्या दुरुस्तीचा अर्ज द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मुलांना एकटं तलावावर पाठवू नका. सांडव्यावर शेवाळ असतं, पाय घसरतो. निरीक्षण मोठ्यांसोबत आणि पाण्यापासून लांबूनच. दुसरं, मुलांना घाबरवू नका. शेजारच्या तलावामुळेच आपल्या विहिरींना पाणी आहे, हेही त्याच तासाला सांगा.

त्या मुलीचं उत्तर

नंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. पायथ्याचं पाणी सरांनी बाटलीत भरून वर्गात आणलं. दुपारपर्यंत तळाशी काहीच बसलं नाही. पाणी स्वच्छ होतं. मी तिला सांगितलं, "आत्ता भीती नाही, पण आपण पाहत राहायचं." तिने विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, "तलाव आहे तोवर."

मुलांनी लिहिलेल्या अर्जांवरून पालकांनी एक पक्का अर्ज तयार करून ग्रामपंचायतीत दिला, पोच घेतली. सांडव्यावरचे दगड गावातल्याच मंडळींनी काढले. त्यावर थोडी वादावादी झाली, पण काढले. भिंतीवरच्या बाभळी अजून तशाच आहेत. या मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्या अर्जाला स्मरणपत्र जोडायचं आहे. बाटली वर्गाच्या कपाटात ठेवली आहे, तारखेची चिठ्ठी लावून. यंदाच्या सप्टेंबरमध्ये तिच्या शेजारी दुसरी ठेवू.

तुमच्या गावच्या तलावाची काय स्थिती आहे, तुम्ही वर्गात हा विषय कसा घेतला, तेही जरूर कळवा.